वायपरची कड: मोरीपासून सोलार पॅनलपर्यंत आणि लग्नपत्रिकेपर्यंत

१३ फेब्रुवारी २०२४ रोजी घराच्या गच्चीवर सोलार पॅनल बसवण्यासाठीची पीएम सूर्यघर योजना जाहीर झाली. तीन किलोवॅट आणि त्यापुढच्या यंत्रणेला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागलं आणि ज्या गच्चीवर पूर्वी फक्त पाण्याची टाकी आणि कुरडयांचं वाळवण असायचं, तिथे पॅनल दिसू लागले. बसवणारा माणूस जाताना सांगतो, "पंधरा-वीस दिवसांनी धुवत जा." कशाने धुवायचं, हे बहुतेक वेळा सांगायचं राहून जातं. मग कोणी जुनी बनियन घेतं, कोणी भांड्यांची घासणी, कोणी बाथरूममधला वायपर.

यातलं तिसरं उत्तर बरोबर उत्तराच्या सर्वांत जवळचं आहे, पण तोच वायपर उचलून वर नेणं चूक आहे. का चूक, हे कळायला या साध्या दिसणाऱ्या वस्तूचं काम कसं चालतं ते आधी पाहावं लागेल. ते एकदा लक्षात आलं की काचेपलीकडची तिची डझनभर कामं आपोआप उलगडतात.

रबराची कड नेमकं काय करते

वायपर म्हणजे दांड्याला किंवा मुठीला बसवलेली रबराची सरळ पट्टी. काच पुसणारे, छापखान्यातले आणि फिल्म लावणारे कारागीर तिला स्क्वीजी म्हणतात. इथे दोन्ही शब्द येतील.

पट्टी काचेवर टेकवून ओढली की ती किंचित मागे वाकते आणि तिचा फक्त एक कोपरा काचेला चिकटून राहतो. टेकलेला भाग एखाद्या रेघेइतका बारीक असतो. हाताचा सगळा जोर त्या रेघेवर एकवटतो, म्हणून पाणी तिच्याखालून निसटत नाही, पुढे ढकललं जातं. मागे उरलेला ओलसरपणा इतका पातळ असतो की बघता बघता उडून जातो.

मागे किती थर उरणार हे चार गोष्टी ठरवतात: कड किती धारदार आहे, पट्टी कोणत्या कोनात धरली आहे, रबर किती कडक आहे आणि हात किती वेगाने चालतो. कड झिजून गोल झाली की द्रव तिच्या गोलाईखाली पाचरीसारखा घुसतो आणि पट्टीला उचलून धरतो. वेग वाढवला तरी तेच होतं. काचेवर पाण्याचे पट्टे उमटतात ते यामुळे, आणि तेव्हा जास्त साबण घालून किंवा जास्त जोर लावून काही साधत नाही. जोर लावला की पट्टी आणखी वाकते, कडेऐवजी तिची सपाट बाजू टेकते आणि काम बिघडतं.

अमेरिकेत ऑकलंडला राहणाऱ्या एत्तोरे स्तेकोने या इटालियन स्थलांतरिताने १९३६ साली पितळेची, हलकी, एकाच रबराची स्क्वीजी आणली. त्याआधीची हत्यारं जड लोखंडी आणि दोन रबरांची होती, रबर बदलायचं तर बरेच स्क्रू काढावे लागत. आजही व्यावसायिक स्क्वीजी याच घडणीची असते, कारण खरी वस्तू ती कड आहे आणि ती सहज बदलता आली पाहिजे.

काचेची रीत, थोडक्यात

पाच लिटर पाण्यात भांड्यांचा पातळ साबण अर्धा चमचा, म्हणजे दोन-तीन मिली, एवढा पुरतो. साबण मळ काढतोच, पण इथे त्याचं मोठं काम वंगणाचं आहे. कोरड्या काचेवर रबर अडखळतं, थरथरतं आणि आडव्या रेघा सोडतं. काच ओली करून आधी वरची दोन-तीन सेंटिमीटरची पट्टी कापडाने कोरडी करायची. तिथे रबर टेकवून खाली ओढायचं. प्रत्येक फटक्यानंतर कड पुसायची. पुढचा फटका आधीच्या कोरड्या भागावर दोन-तीन सेंटिमीटर चढवून घ्यायचा. कोरड्यावरून ओल्याकडे, एवढं सांभाळलं की बाकी सरावाचा भाग.

बाथरूम: डाग पाण्याचा नसतो, क्षारांचा असतो

बोअरचं किंवा टँकरचं पाणी वापरणाऱ्या घरात काचेवर, नळांवर, काळ्या टाइल्सवर पांढरे ठिपके बसतात. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. थेंब जागच्या जागी सुकला की पाणी उडतं आणि क्षार तिथेच राहतात. रोज एक थर चढतो. त्यात साबण मिसळला की कॅल्शियमशी त्याचा संयोग होऊन चिकट पांढुरका मळ तयार होतो, तो नुसत्या पाण्याने निघत नाही.

थेंब सुकूच दिला नाही तर डाग पडण्याचा प्रश्न उरत नाही. आंघोळ झाल्यावर २५ सेंटिमीटरच्या लहान वायपरने काच आणि भिंत वरून खाली ओढायला अर्धं मिनिट लागतं. भिंत लवकर सुकते, त्यामुळे टाइलच्या सांध्यातली काळी बुरशीही कमी होते.

जुने डाग मात्र वायपरने जाणार नाहीत. काच आणि सिरॅमिक टाइलवर व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाचं पाणी दहा मिनिटं ठेवून मग धुता येतं. पण घरातली फरशी किंवा ओटा शहाबादी, कडप्पा किंवा संगमरवरी असेल तर आंबट काहीही लावू नका. हे तिन्ही दगड चुन्याच्या जातीचे आहेत. आम्ल डागाबरोबर दगडही खातं, आणि गेलेली चकाकी पॉलिशवाल्याला बोलावल्याशिवाय परत येत नाही.

फरशी आणि गच्ची

फरशीच्या वायपरमध्ये दोन जाती दिसतात: एका कडक रबराची आणि दुहेरी मऊ फोमची. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइलवर एकेरी कडक रबर उत्तम, कारण तिथे कड सगळीकडे टेकते. शहाबादी, कोबा किंवा खडबडीत अँटिस्किड टाइलवर तेच रबर उंचवट्यांवरून जातं आणि खळग्यातलं पाणी तसंच ठेवतं. तिथे फोम हवा, तो दबून खळग्यात उतरतो. दुकानात बहुतेकांना रंग आणि दांडा दाखवतात. तुम्ही घरची फरशी डोळ्यांसमोर आणून पट्टी निवडा.

पावसाळ्यात सपाट गच्चीवर पाणी साचतं. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा ६० सेंटिमीटरच्या वायपरने गच्चीचं पाणी पन्हळीकडे लोटलं तर ती साखळी तुटते. आधी पन्हळीची जाळी मोकळी करा, नाहीतर पाणी परत मागे येतं. दर वेळी एकाच जागी तळं दिसत असेल तर तिथे उतार गेला आहे. ती जागा खडूने आखून ठेवा, उन्हाळ्यात दुरुस्तीला उपयोगी पडते.

सोलार पॅनल: इथे घाई महाग पडते

पॅनलच्या काचेवर बहुधा प्रकाश परावर्तित होऊ नये म्हणून एक सूक्ष्म लेप असतो. बाथरूमचा वायपर वर नेऊ नये तो यासाठी. फरशीवरची वाळू त्याच्या फोममध्ये किंवा कडेत रुतलेली असते आणि एकेक कण काचेवर ओरखडा काढत जातो. पॅनलसाठी वेगळा, मऊ रबराचा, स्वच्छ वायपर ठेवा, तो दुसऱ्या कशालाही वापरू नका.

वेळ सकाळी लवकरची किंवा सूर्य मावळताना. दुपारी काच चांगलीच तापलेली असते. त्यावर गार पाणी पडलं तर काच तडकू शकते, आणि न तडकली तरी पाणी ओढायच्या आतच सुकून क्षारांचे डाग सोडतं. इन्व्हर्टर बंद केला म्हणून पॅनल बंद पडत नाहीत हेही ध्यानात ठेवा. उजेड आहे तोवर त्यांच्यात वीज तयार होत राहते. साडेपाचशे वॅटच्या आसपासचे सहा पॅनल एका ओळीत जोडले असतील तर तारांमध्ये अडीचशे ते तीनशे व्होल्ट असतात. तार सोललेली किंवा जोड उघडा दिसला तर पाणी न घालता बसवणाऱ्याला बोलवा. लांब दांडा फायबरचा घ्या. वरून विजेची तार जात असेल तर अॅल्युमिनियमचा दांडा हातात धरूच नका.

आता क्रम. आधी नुसतं पाणी सोडून धूळ वाहू द्या, रबर लावायची घाई करू नका. कबुतरांची विष्ठा असेल तर ओलं फडकं पाच-दहा मिनिटं त्यावर ठेवून भिजवा, नखाने किंवा पत्र्याने खरवडू नका. मग मऊ ब्रश, पुन्हा पाणी, आणि शेवटी वायपर वरून खाली, हाताच्या वजनाइतक्याच दाबाने.

इथे बहुतेक जण थांबतात, आणि नेमकी महत्त्वाची जागा सुटते. पॅनलची अॅल्युमिनियमची चौकट काचेपेक्षा थोडी वर असते. वरून ओढलेलं सगळं पाणी खालच्या चौकटीपाशी अडतं आणि तिथेच सुकतं. काही महिन्यांत तिथे चिखलाचा कडक पट्टा तयार होतो. दिसायला दोन बोटं रुंद, पण तो खालच्या सेलवर, म्हणजे वीज तयार करणाऱ्या चौकोनी तुकड्यांवर चढतो. सेल एकापुढे एक जोडलेले असतात, त्यामुळे झाकलेला एक सेल त्याच्या सगळ्या ओळीचा प्रवाह अडवतो. पॅनल लांब बाजू उभी ठेवून बसवले असतील तर तळाच्या रांगेतले सेल खालच्या सगळ्या ओळींमध्ये विभागलेले असतात, म्हणून नुकसान पट्ट्याच्या रुंदीच्या मानाने कितीतरी मोठं असतं. उपाय सोपा आहे: शेवटचा फटका खालच्या चौकटीला लागून आडवा मारा आणि पाणी कोपऱ्यातून बाहेर काढा.

पाणी कोणतं? जड पाणी चालेल, पण ते वायपरने ओढून काढलंच पाहिजे. आरओ फिल्टरमधून वाया जाणारं पाणी वापरावं असं बऱ्याच जणांना वाटतं. हेतू चांगला आहे, पण त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. ते गच्ची धुवायला न्या, पॅनलवर नको. आणि पॅनलवर पाय देऊ नका. काच माणसाचं वजन सोसते, आतले सेल सोसत नाहीत. त्यांना पडलेल्या बारीक चिरा डोळ्यांना दिसत नाहीत आणि उत्पादन घटवतात.

आता उलटं काम: थर काढायचा नाही, ठेवायचा

इथवर कड थर काढत होती. तीच कड मोजका थर ठेवू शकते. पावावर लोणी लावताना सुरी उभी धरली तर लोणी खरवडून निघतं, आडवी झुकवली तर थर बसतो. छपाई, फिल्म, कोटिंग या सगळ्यांमागे एवढंच आहे.

खिडकीच्या काचेवर उन्हाची फिल्म लावताना मध्ये साबणाचं पाणी असतं. एक लिटर पाण्यात बाळाच्या शाम्पूचे तीन-चार थेंब. काच आणि फिल्मची चिकट बाजू दोन्ही ओल्या केल्या की फिल्म सरकवून जागेवर आणता येते. मग कडक प्लास्टिकच्या स्क्वीजीने मधून कडांकडे पाणी बाहेर काढायचं. फिल्मच्या वरच्या बाजूवरही पाणी मारा, नाहीतर स्क्वीजी अडखळून ती फाडते. पाण्याचे लहान फुगे काही दिवसांत आपोआप जिरतात. खाली धुळीचा कण अडकला असेल तर मात्र तो जन्माचा. म्हणून लावताना पंखा बंद. गाडीच्या काचेबाबत आधी कायदा पाहा: केंद्रीय मोटार वाहन नियम १०० नुसार पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांमधून ५० टक्के प्रकाश आत यायला हवा, आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी घातली.

स्क्वीजीचं खरं कसब दिसतं ते स्क्रीन प्रिंटिंगमध्ये. लग्नपत्रिका, गणपती मंडळाचे टी-शर्ट, कापडी पिशव्या, स्टीलच्या डब्यांवरची नावं, सगळं याच रीतीने छापता येतं. चौकटीवर पॉलिस्टरची बारीक जाळी ताणलेली असते. जिथे छापायचं नाही तिथली भोकं इमल्शन नावाच्या लेपाने बुजवलेली असतात. स्क्वीजी उघड्या भोकांतून शाई खाली दाबते.

रबराचा कडकपणा शोर ए या मापात सांगतात. आकडा मोठा तसं रबर कडक. ६० च्या आसपासचं मऊ रबर जास्त शाई सोडतं, ते कापडासाठी. ७० सर्वसाधारण. ८० चं कडक रबर कमी शाई सोडतं, ते पत्रिकेवरच्या बारीक अक्षरांसाठी. जाळीचा आकडा म्हणजे दर सेंटिमीटरला किती धागे. टी-शर्टला ४३ ते ५५, कागदाला १०० ते १२०. सोनेरी शाईला मात्र १२० ची जाळी लावू नका. तिच्यात धातूचे चपटे कण असतात, ते बारीक भोकांत अडकतात आणि दहाव्या-विसाव्या पत्रिकेपासून अक्षरं पुसट यायला लागतात.

रबर छापायच्या मजकुरापेक्षा दोन्ही बाजूंनी दोन-अडीच सेंटिमीटर रुंद हवं. जाळी आणि कागद यांत दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेवायचं, म्हणजे रबर पुढे सरकताच मागची जाळी उचलली जाते आणि छाप स्वच्छ सुटतो. पहिला फटका दाब न देता, फक्त भोकं शाईने भरण्यासाठी. दुसरा दाबून, पट्टी जवळजवळ उभी, साधारण ७५ अंशांत, एका दमात, मध्ये न थांबता. थांबलात तिथे जाड रेघ उमटते.

बिघाड ओळखायची खूण छापावरच असते. अक्षरांच्या कडा फुटल्या तर पट्टी फार झुकली आहे, शाई फार पातळ आहे, किंवा कड गोल झाली आहे. प्रत्येक छापावर एकाच जागी बारीक रेघ येत असेल तर रबराला तिथे खाच पडली आहे. एक बाजू गडद, दुसरी फिकी, म्हणजे एका हाताचा जोर जास्त. अक्षरं दुहेरी दिसली तर दोष रबराचा नाही, जाळी सैल पडली आहे.

काचेवर निकामी ठरणारी गोल कड इथे मुद्दाम वापरली जाते, ही मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. काळ्या टी-शर्टवर पांढरी शाई जाड बसावी लागते, म्हणून कारागीर गोलावलेल्या कडेचं रबर घेतात. पाचरीसारखा घुसणारा द्रव, जो काचेवर पट्टे पाडत होता, तोच इथे हवा असतो.

गच्चीचं कोटिंग आणि टाइलचे सांधे

एप्रिल-मे महिन्यात गच्चीला वॉटरप्रूफिंगचा लेप दिला जातो. ब्रशने थर कुठे जाड, कुठे पातळ होतो. सपाट स्क्वीजीने तो सारखा पसरतो. इपॉक्सी फरशीसाठी, म्हणजे ओतून पसरवलेल्या आणि मग घट्ट होणाऱ्या राळेच्या फरशीसाठी, दातेरी स्क्वीजी येते: दात जमिनीला टेकतात आणि खाचांतून मोजकाच द्रव मागे राहतो. हिशेब पाठ ठेवण्यासारखा आहे, एक चौरस मीटरवर एक लिटर म्हणजे एक मिलिमीटर जाडी. दहा बाय दहा फुटांच्या खोलीचं क्षेत्रफळ साधारण ९.३ चौरस मीटर, तेव्हा दोन मिलिमीटरसाठी साडेअठरा लिटर माल लागेल. ठेकेदाराने पाचच लिटर आणला असेल तर जाडी किती येणार, हे तुम्हीच त्याला सांगू शकता.

टाइलच्या सांध्यांत ग्राउट भरताना रबराची पट्टी सांध्याला तिरकी, ४५ अंशांत फिरवा. सांध्याच्या रेषेत फिरवली तर कड आत शिरून भरलेला माल उकरून काढते.

पण कापडाने होत नाही का?

होतं, लहान काचेवर होतं. कापड मात्र पाणी शोषतं, आणि भरलं की मळ पसरवू लागतं. शिवाय तंतू सोडतं. दोन-चार काचा असतील तर मायक्रोफायबर पुरे. भिंतभर काच, गच्ची किंवा पॅनल असतील तर पाणी शोषण्यापेक्षा लोटून काढणं सोपं. सोफ्यावरचे कुत्र्या-मांजराचे केस काढायला तर कोरडं रबर कापडापेक्षा सरस ठरतं. एकाच दिशेने आखूड फटके मारा, घर्षणाने केस गोळा होऊन पुढे येतात.

गाडीवर ओरखडे पडत नाहीत का?

पडतात. ओरखडा रबराने पडत नाही, रबराखाली अडकलेल्या वाळूने पडतो. गाडीच्या काचेला वायपर ठीक, रंगाला नको. धुतलेल्या गाडीवरही एखादा कण राहतोच आणि क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, लांब रेघ ओढली जाते. तिथे मऊ टॉवेलच बरा.

महागडा घ्यावा का?

दांडा महाग घेण्यात अर्थ नाही, रबर मात्र चांगलं हवं आणि ते सुटं मिळणारं हवं. विकत घेताना पट्टी डोळ्यांसमोर आडवी धरून कडेवरून नजर फिरवा. लाट किंवा खाच दिसली तर दुसरी मागा. काचेच्या रबराला दोन कडा असतात, एक झिजली की पट्टी काढून फिरवून बसवा, दुसरी धार मिळते. दोन्ही गेल्या की रबर नवं. छपाईचं रबर वापरानंतर लगेच पुसा, थिनरमध्ये भिजत ठेवू नका. ते फुगतं आणि कड वाकडी होते. फुगलंच तर दिवसभर मोकळ्या हवेत ठेवून मगच पुन्हा वापरा. कोणताही वायपर रबरावर उभा करून ठेवू नका, रात्रभरात पट्टीला बाक येतो. टांगून ठेवा, आणि उन्हात नको, कारण उन्हाने रबर कडक होऊन त्याला बारीक भेगा पडतात.